चिठ्ठ्या फेकू नका: वडिलांचे दगड, जुन्नरचा वाडा आणि दुकानाचा विचार

जुन्नरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे वडील पाटबंधारे खात्यात होते, कुकडी प्रकल्पावर तीसेक वर्षं नोकरी झाली. कालव्याच्या आणि विहिरींच्या खोदकामात निघालेले स्फटिकांचे दगड त्यांनी आयुष्यभर जमवले. दोन वर्षांपूर्वी ते गेले. वाड्याच्या माडीवर आता बावीस पेट्या आहेत. एक व्यापारी बघून गेला आणि "सगळं मिळून साडेचार लाख" म्हणाला. पुण्यातल्या भावाचं मत, देऊन टाकू. आईच्या मनात ओसरीवर दुकान काढायचं आहे, जमलं तर आत छोटंसं संग्रहालय. ताईंनी नऊ फोटो पाठवलेत आणि तीन गोष्टी विचारल्यात: याची खरी किंमत काय, दुकान चालेल का, आणि दगड स्वच्छ कसे करायचे.

आमचं दुकान नाशकात, जुन्या पेठेतल्या वाड्याच्या ओसरीवर. वडिलांनी सुरू केलं, चौतीस वर्षं मी बसतोय, आता मुलगी बघते. त्यामुळे तुमची परिस्थिती मला परकी नाही. उत्तर मात्र तिसऱ्या प्रश्नापासून देतो, कारण त्यात रोज नुकसान होतंय.

धुणं थांबवा. आजच.

सातव्या फोटोखाली तुम्ही लिहिलंय, "संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये रात्रभर ठेवला, पांढरं गेलं पण सुयाही बोथट झाल्या." ते जे पांढरं गेलं ते कॅल्साइट होतं, म्हणजे चुन्याच्याच जातीचं खनिज. ॲसिड पडलं की फसफसून विरघळतं. आणि त्या सुया स्कोलेसाइटच्या असाव्यात. त्या जातीच्या सुयांचा ॲसिडमध्ये चक्क चिकट लगदा होतो, पेजेवरच्या सायीसारखा. तो दगड गेला. वाईट वाटून घेऊ नका, प्रत्येक घरात एकदा हे होतं.

ही खनिजं मुळातच नाजूक प्रकृतीची आहेत. १७५६ साली क्रॉन्स्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने असा एक दगड ज्योतीवर तापवला, तर तो बुडबुडे काढत उकळल्यासारखा फुगला. म्हणून त्याने ग्रीकमधून नाव दिलं झिओलाइट, उकळणारा दगड. कारण स्फटिकाच्या आतच पाणी असतं. हे पाणी आहे तोवर त्याची चमक. लॉमोन्टाइट तर नुसत्या कोरड्या हवेत पाणी सोडतं आणि भुगा होऊन पेटीच्या तळाशी बसतं. तुमच्या कुठल्या तरी पेटीत पांढरी-गुलाबीसर पूड सापडली आणि शेजारी चिठ्ठी असली, तर तो कचरा नाही, तो कधीकाळी दगड होता. पूड टाकलीत तरी चालेल, चिठ्ठी ठेवा.

साधा नियम: मऊ ब्रश आणि फुग्याची हवा. स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट, गारगोटी यांना मातीच लागलेली असेल तर साधं पाणी आणि मऊ टूथब्रश चालतो. तांबडे लोखंडाचे डाग काढायला आमच्याकडे ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात, पण ते शिकल्याशिवाय हातात घेऊ नका, त्याची पूड आणि वाफ दोन्ही वाईट. जांभळी गारगोटी, म्हणजे ॲमेथिस्ट, खिडकीत मांडू नका. वर्षानुवर्षांच्या उन्हाने रंग उडतो. आणि कापसासारखा दिसणारा पांढरा गोळा दिसला तर हातच लावू नका.

तो ओकेनाइट. पोकळीच्या आत सावरीचा कापूस फुटल्यासारखे गोळे असतात. मी अकरा वर्षांचा असताना वडिलांनी नुकताच आणलेला एक ओकेनाइट मी नळाखाली धरला, का तर त्याच्यावर धूळ दिसत होती. ओला कापूस जसा चिकटून बसतो तसे ते केस एकमेकांना चिकटले ते कायमचे. वडिलांनी आरडाओरडा केला नाही. वही काढली, त्या नंबरापुढे शेरा लिहिला: "धुतला." एवढंच. तो दगड आजही गल्ल्याशेजारी आहे आणि गिऱ्हाइकाने बोट लावायला हात पुढे केला की मी तो दाखवतो.

आता किमतीकडे येतो. तुमच्या नऊ फोटोंपैकी मला सगळ्यात मोलाचा वाटला तो पाचवा, आणि त्यात दगड नाहीच. एक चुरगळलेली चिठ्ठी आहे. त्यावर निळ्या शाईत: "डा.का. सा.क्र. ३८/४००, खोली २२ फू., मांजऱ्या." तुम्ही विचारलंय की हे ३८ आणि ४०० म्हणजे किंमत का. किंमत नाही. 'डा.का.' म्हणजे डावा कालवा, 'सा.क्र.' म्हणजे साखळी क्रमांक. येडगाव धरणातून कालवा जिथे सुरू होतो तिथून ३८ किलोमीटर ४०० मीटरवर, जमिनीखाली २२ फुटांवर, मांजऱ्या खडकात हा दगड मिळाला. मांजऱ्या म्हणजे तो पोकळ्या-पोकळ्यांचा, तांबूस, त्यामानाने ठिसूळ कातळ. विहीर खणणारा त्याला शिव्या देतो आणि आमच्यासारखा माणूस त्याची वाट बघतो.

ताई, तुमचे वडील इंजिनिअरच्या शिस्तीने जमवत होते. हौशी माणूस "जुन्नरजवळ" असं लिहितो. व्यापारी "पूना, इंडिया" लिहितो, मग माल जळगावचा असला तरी. मीटरपर्यंत जागा लिहिणारा माणूस मी चौतीस वर्षांत फार तर तीनदा पाहिला.

याचं महत्त्व का, ते सांगतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हाचे थरांवर थर आले. आज उरलेत तेच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर. प्रत्येक थराच्या माथ्याला वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि नंतर खूप काळ खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत स्फटिक वाढवले. कुठल्या थरात, कुठल्या खोलीवर काय वाढलं हे ठिकाणागणिक वेगळं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत मोरपिशी निळं कॅव्हन्साइट मिळालं. हे खनिज आधी अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये सापडलं होतं, पण वाघोलीसारखं जगात कुठे नाही. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याच्या विहिरींतून गर्द हिरवं ॲपोफिलाइट आलं. नाशकाजवळ महोदरीला पिवळ्या फ्लोराइटचे घुमट मिळाले. म्हणजे गावाचं नाव हीच निम्मी ओळख. आणि विहीर बुजते, कालव्याला अस्तर होतं, खाणीत पाणी भरतं. मग तिथला दगड पुन्हा मिळत नाही. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली, तिच्या बोगद्यांच्या खोदकामात निघालेले झिओलाइट विलायतेतल्या संग्रहालयांत जाऊन बसले. आज त्या बोगद्यांत कोण छिन्नी लावू देईल?

तर चिठ्ठी असलेला दगड म्हणजे नमुना. चिठ्ठी हरवली की तोच दगड शोपीस. दोन्हींच्या भावात आमच्या धंद्यात कधी दुप्पट, कधी दहापट फरक पडतो, आणि तुमचा तो व्यापारी पेट्या बघताना चिठ्ठ्या बाजूला काढून ठेवत होता, असं तुम्हीच लिहिलंय. त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्याचा हिशेब सोपा आहे: सातशे दगडांतले दहा-बारा चांगले पीस साडेचार लाख वसूल करून देतील, बाकीचे फुकट पडतील. असे सौदे मीही केलेत. त्यात चोरी नाही, पण घाई आहे, आणि ती त्याला आहे, तुम्हाला नाही.

म्हणून पहिलं काम: यादी. एक पेटी एका दिवशी, त्याहून जास्त नाही. दगड काढायचा, चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवायची, दोन्हींचा एकत्र फोटो. मग दगडाच्या खालच्या, न दिसणाऱ्या कातळी बाजूवर पांढऱ्या रंगाचा तांदळाएवढा ठिपका, तो वाळला की त्यावर काळ्या शाईने नंबर. स्फटिकावर नाही, कातळावर. तोच नंबर चिठ्ठीवर पेन्सिलीने आणि तोच वहीत. वडिलांनी स्वतः नंबर घातलेले असतील तर तेच चालू ठेवा, नवी पद्धत काढू नका.

आणि ज्या वर्तमानपत्रांत दगड गुंडाळलेत ती रद्दीत देऊ नका. कपडा-कागद सगळा बदलून टाकायची सुरसुरी येते, मला माहीत आहे. पण ज्या दगडाला चिठ्ठी नसेल त्याच्या कागदावरची तारीख निदान साल तरी सांगते. त्या साली वडिलांची नेमणूक कुठे होती हे त्यांच्या सेवापुस्तकात मिळेल. आमच्याकडे एकदा एका मास्तरांचा संग्रह आला होता, चिठ्ठ्या वाळवीने खाल्लेल्या. मुलीने फक्त वर्तमानपत्रांच्या तारखा आणि मास्तरांच्या बदल्यांचे आदेश जुळवून चाळीस दगडांची गावं शोधून काढली.

ओळखण्याचं थोडं शिकून घ्या, म्हणजे कोणी काही सांगितलं तर तुम्हालाच कळेल. स्टिल्बाइट गवताच्या पेंढीसारखा, कमरेत आवळलेला आणि दोन्ही टोकांना फुललेला. ह्यूलॅन्डाइट शंकरपाळ्यासारखा, एका अंगाला मोत्याची झाक. ॲपोफिलाइट खडीसाखरेसारखा चौकोनी, वरचं तोंड कधी सपाट कधी टोकदार, आणि आडवा सहज फुटणारा, त्यामुळे टोक शाबूत असलेला मिळाला तर जपायचा. (शास्त्राप्रमाणे ॲपोफिलाइट आणि ओकेनाइट झिओलाइट नाहीत, सोबतीला राहणारी खनिजं आहेत. बाजारात सगळ्यांना सरसकट झिओलाइट म्हणतात, तुम्ही वहीत तरी बरोबर लिहा.) स्कोलेसाइट म्हणजे दर्भाची जुडी. मॉर्डेनाइट भाकरीवरच्या बुरशीसारखं. अडलं तर पुण्याला विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात चार नमुने घेऊन जा. एखादा दिवस नाशिक रस्त्याने संगमनेर ओलांडून सिन्नरला जा आणि गारगोटी संग्रहालय बघा. नौदलातून आलेल्या के. सी. पांडे यांनी ते उभं केलं, २००१ पासून चालू आहे. तिथे दगड बघाच, पण दिवे कुठून सोडलेत, चिठ्ठी केवढी आहे, काच किती लांब आहे हे जास्त बघा.

एका पिशवीबद्दल वेगळं लिहितो. आठव्या फोटोत प्लॅस्टिकच्या पिशवीत करडी भुकटी आहे आणि चिठ्ठीवर "बोरी बु., नदीकाठ" असं आहे. तुमच्याच तालुक्यातलं बोरी बुद्रुक. कुकडीच्या काठावर तिथे ज्वालामुखीची राख मिळते. सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची ती राख उडून इथवर आली असं मानतात. नेमकी कुठल्या स्फोटाची, किती जुनी, यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत. त्या पिशवीला बाजारात चार आणे येणार नाहीत. पण तुमच्या आईच्या मनातल्या संग्रहालयात मी ती दाराशी ठेवीन, कारण जुन्नरच्या पोरांना आपल्या नदीकाठी काय पडलंय हे कोणी दाखवलेलं नसतं. तिथे जाऊन आणखी पोती भरून आणू नका मात्र. ती जागा शास्त्राच्या कामाची आहे.

आता वाडा. तुम्ही दुकान चालेल का विचारता, मी आधी विचारतो, माडी किती दिवस चालेल?

काळा कातळ पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. घनफुटाला ८० किलोच्या पुढे. तुम्ही पेटीचं माप दोन बाय दीड बाय एक फूट दिलंय, म्हणजे तीन घनफूट. निम्मी जागा कागद आणि पोकळी धरली तरी पेटीमागे सव्वाशे किलो. बावीस पेट्या म्हणजे पावणेतीन टन. आणि फोटोत दिसतंय की त्या सगळ्या एकाच खणात, भिंतीला लागून रचल्यात. शंभर-सव्वाशे वर्षांचा कडीपाट, म्हणजे तुळयांवर फळ्या टाकून केलेली माडीची जमीन. त्याच्या तुळया सागवानी असल्या तरी त्यांची टोकं भिंतीत पुरलेली असतात, आणि वाळवी आणि ओल दोन्ही तिथूनच सुरू होतात. वरून लाकूड ठणठणीत दिसतं. खाली माजघरात उभं राहून तुळई जिथे भिंतीत जाते तिथे पेचकस टोचून बघा. अर्धा इंच सहज गेला तर पेट्या उद्याच खाली आणायच्या. न गेला तरी पावसाळ्याआधी आणायच्या. खांबाखालचे तळखडे खचलेत का, दारं अलीकडे घासायला लागलीत का, हेही पाहा. जुनं घर आधी दारांतून बोलतं.

जड माल जोत्यावर, हा आमच्या घरचा नियम. मोठ्या लाद्या आणि पोकळ्या तळमजल्यावर फरशीवर, माडीवर फक्त डब्यांतले लहान नमुने आणि वह्या. तळघर असलं तरी तिथे ठेवू नका. तुमच्याकडचा पाऊस मी पाहिलाय, चिठ्ठ्यांना बुरशी येईल.

भिंतींचं एक. दुकान करायचं म्हटलं की पहिला गवंडी येतो तो सिमेंटचा गिलावा सुचवतो. आमच्याकडे २००० च्या सुमारास तसं करून घेतलं आणि तीन पावसाळ्यांत पश्चिमेकडची भिंत फुगली. मातीची, चुन्याची भिंत श्वास घेते. सिमेंटने तोंड बांधलं की ओल आतच राहते आणि लोणा वर चढतो. शेवटी सगळा गिलावा खरवडून पुन्हा चुन्याचा केला. चुन्याचं काम जाणणारा कारागीर शोधायला वेळ लागतो, पण तुमच्याकडे देवळांची, वाड्यांची कामं चालतात, मिळेल. कपाटं भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. कोनाडे आहेत ना? त्यांचा उपयोग करा. खोल कोनाड्यात खालून एक पिवळसर छोटा दिवा सोडला की स्टिल्बाइट जसा दिसतो तसा लाखाच्या शोकेसमध्ये दिसत नाही. एवढं एक सुख जुन्या वाड्यात फुकट मिळतं. फक्त दिवा तापणारा नको, एलईडी हवा.

दुकान चालेल का? नुसतं पर्यटकांवर नाही. शिवनेरी आणि लेण्याद्री-ओझरची माणसं तुमच्या दारावरून जातात हे खरं, पण ती शंभर-दोनशे रुपयांचा दगड घेतात, तोही मुलाने हट्ट केला तर. त्यातली निम्मी विचारतील की हा कुठल्या राशीला चालतो. हे गिऱ्हाईक मोठं आहे, मला मान्य आहे. ब्रेसलेट आणि पिरॅमिड ठेवले तर वीजबिल त्यातून निघेल. मी ठेवत नाही. मग ब्राझीलचा, चीनचा माल आणावा लागतो, रंगवलेलाही खपवावा लागतो, आणि ज्या ओसरीवर तुमच्या वडिलांनी मीटरपर्यंत जागा लिहिलेले दगड आहेत तिथे "आरोग्यासाठी उत्तम" अशी पाटी लावायला माझा हात झाला नसता. तुमचं तुम्ही ठरवा.

आमचं घर ज्यावर चालतं ते तीन प्रवाह. एक, शाळा-कॉलेजांचे संच. बारा किंवा चोवीस खणांचा लाकडी डबा, प्रत्येक खणात एक नमुना आणि मराठीत चिठ्ठी. हा धंदा नवा नाही. जर्मनीत क्रान्ट्झ नावाचं घराणं आहे. १८३३ साली फ्रायबर्ग या खाणींच्या जुन्या गावात सुरुवात झाली, मग बर्लिन, आणि १८५० पासून बॉन. दगडांचे अभ्याससंच आणि पेअरच्या लाकडात कोरलेले स्फटिकांचे नमुने विकून ते नाव टिकलं. त्याच फ्रायबर्गमध्ये आता जुन्या किल्ल्यात २००८ पासून एका बाईंचा जन्मभराचा संग्रह मांडलाय, साडेतीन हजारांच्या घरात नमुने आहेत, आणि शेजारच्या जुन्या घरातही खनिजंच आहेत. जुनी वास्तू आणि दगड यांची जोडी जमते, एवढंच सांगायचंय. तिथे मागे विद्यापीठ उभं आहे आणि तुमच्याकडे आई, तुम्ही आणि एक भाऊ, हा फरकही लक्षात ठेवा.

दुसरा प्रवाह, परदेशी व्यापारी. फेब्रुवारीत अमेरिकेत टूसॉनला, जूनमध्ये फ्रान्समधल्या सेंत-मारी-ओ-मीनला, ऑक्टोबरात म्युनिकला बाजार भरतात. तिथे आपला माल कायम असतो. तुम्ही पहिली पाच वर्षं तिकडे जायचं मनातही आणू नका. जाणाऱ्या माणसाला चांगल्या बोलीने द्या. तिसरा प्रवाह, हौशी संग्राहक. संख्येने थोडे, पण चिठ्ठीची किंमत कळणारे तेच. तुमचं खरं गिऱ्हाईक हे.

आणि सगळ्यात आधी, काय विकायचं नाही ते ठरवा. आमच्याकडे वडिलांच्या हातचे एकशे चाळीस दगड वेगळ्या कपाटात आहेत, त्यांना किंमतच लिहिलेली नाही. त्यांच्यासाठी लोक येतात, आणि येतात म्हणून बाकीचं घेतात. तुम्ही तीन ढीग करा: वडिलांचा मुख्य संग्रह, त्यांच्याकडे दोन-चार प्रती असलेले नमुने, आणि जागेची खूण नसलेले. विक्री तिसऱ्यातून सुरू करा, मग दुसऱ्यातून. पहिल्याला हात लावायचा नाही. भावाला वाटा हवाच असेल तर पैशात द्या. एका घरात तीन भावांनी दगड चक्क वजनकाट्यावर सारखे वाटून घेतले होते. एकाच पोकळीचे तीन तुकडे तीन गावांत गेले. मी ते तीन वेळा विकत घेऊन पुन्हा जोडले, दोन वर्षं लागली.

नवीन माल विकत घ्यायला लागाल तेव्हा फसवणूक शिकून घ्या. रंगवलेले ओकेनाइट, गुलाबी आणि जांभळे, ते सगळे खोटे, ओकेनाइट पांढराच असतो. निळा कॅव्हन्साइट स्टिल्बाइटवर डिंकाने चिकटवलेला मिळतो. काळोखात अतिनील टॉर्च मारा, डिंकाची रेघ बऱ्याचदा निळसर पेटते. तुटलेलं ॲपोफिलाइट जोडलेलं असणं हा गुन्हा नाही, न सांगणं हा आहे. चिठ्ठीवर "जोडलेला" असं लिहून विका. गिऱ्हाईक तुटत नाही, उलट पुढच्या वेळी विश्वासाने येतं.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण इथे वकील लागेलच. वडिलांचे दगड ही त्यांची स्वकष्टाची जंगम मालमत्ता धरली आणि मृत्युपत्र नसलं, तर आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांचा सारखा हिस्सा. भावाने एकट्याने व्यापाऱ्याला "हो" म्हणून चालत नाही, तुम्हीही एकट्याने दुकानात मांडून चालत नाही. साध्या कागदावर का होईना तिघांच्या सह्यांचा लेख करा. वाडा वडिलोपार्जित असेल तर काका-आत्यांची नावं प्रॉपर्टी कार्डावर आहेत का बघा. २००५ च्या दुरुस्तीने मुलींचा हक्क मुलांइतकाच झालाय, त्यामुळे "ताई सही कर, हक्कसोड देऊन टाक" असं कोणी म्हणालं तर चहा पाजून परत पाठवा. वाडा नगरपालिकेच्या वारसा यादीत आहे का हे विचारल्याशिवाय दर्शनी भागाला, दिंडी दरवाजाला, पाटीलाही हात लावू नका.

खाणीतून, विहिरीतून नवीन दगड घेताना मात्र सांभाळा. जमिनीखालच्या खनिजावर सरकारचा हक्क असतो, शेत ज्याचं असलं तरी. परवानाधारक खाणवाल्याकडूनच घ्या, बिल घ्या, रॉयल्टी भरल्याची पावती मागा. "आपल्या ओळखीचा आहे" यावर जाऊ नका. तलाठ्याने एकदा ट्रॅक्टर अडवला की ओळख विरते. परदेशी पाठवायचं ठरलं तर आयात-निर्यात कोड काढावा लागतो. संग्राहकांच्या नमुन्यांचं वर्गीकरण ९७०५ या शीर्षकाखाली होतं, सीमाशुल्काच्या एजंटाला ते माहीत असतं, नसेल तर एजंट बदला.

व्यापाऱ्याला फोन करून सांगा की यादी चालू आहे, दिवाळीनंतर बोलू. रागावून नको. तो पुन्हा येईल, आणि तेव्हा तुमच्या हातात वही असेल. चौथ्या पेटीतली ती हिरवट ॲपोफिलाइटची लादी त्याला दाखवू नका, इतक्यात मलाही नको. आधी तिची चिठ्ठी शोधा. फोटोत लादीखाली कागदाचं टोक दिसतंय, मी मोठं करून पाहिलं, "आत्याच्या म" एवढंच वाचता येतं. मळा असावा. आत्या असतील तर त्यांना विचारा, मळ्यातली विहीर कधी खणली, दगड वर ओढायची यारी कोणाची होती, दगड किती फुटांवर लागला. जे सांगतील ते त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा, तारीख घाला, आणि त्यांची सही घ्या.